खिडकी क्रमांक दोन

काउंटीच्या कचेरीत, तळमजल्यावर
मी घरपट्टी घेते.
काच जाड आहे. खाली फट, हात जाईल एवढी.
एकोणीस वर्षं त्या फटीतून
नेब्रास्काच्या या कोपऱ्यातले हात बघतेय,
बिलाची घडी घालणारे, उलगडणारे,
पुन्हा घालणारे.

व्हर्ना हुस्काचा हात चेहऱ्याआधी ओळखू येतो.
करंगळी अर्धीच. उरलेली अर्धी मका सोलायच्या यंत्रात गेली,
ती नववीत असताना.
तिनं घर वाढवलं नाही,
नवरा गेल्यापासून साधा रंगही दिला नाही,
तरी कागदावर ते महाग होत गेलं.
"झोपेत वाढतंय गं," ती म्हणाली,
"मी आत असतानाच."
पेन्शन तेवढीच. नाकापेक्षा मोती जड.

मग नोव्हेंबरात मतदान झालं,
घरपट्टीवर झाकण बसवायचं की नाही.
व्हर्नानं होय म्हटलं. मीही.
खोटं कशाला बोलू,
माझंही घर झोपेत वाढत होतं.

शाळेचा खड्डा राज्य भरणार होतं.
त्याचं सूत्र आलं, चार पानांचं,
मी पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं.
लांबून बसनं येणारं एक मूल म्हणजे
एक पूर्णांक शून्य आठ मूल.
पण आमच्याकडे मुलंच एवढी थोडी
की कशानंही गुणा,
हाती फारसं लागत नाही.

आधी ग्रंथपाल अर्ध्या दिवसावर आल्या,
मग आल्याच नाहीत.
मग शुक्रवार गेला.
अख्खा वार.
मुलं आनंदानं ओरडली, मुलंच ती.
आता शुक्रवारी धान्याच्या कोठारावर चेंडू मारतात,
धप्प, धप्प,
माझ्या टेबलावरच्या टाचण्या हलतात.
मग बँड गेला.

फेब्रुवारीत व्हर्ना परताव्याचा चेक घेऊन आली.
दोनशे चौदा डॉलर.
"हे शाळेला परत द्यायचेत. कुठली खिडकी?"
मी खणात शोधलं. सवलतीचा फॉर्म होता,
मुदतवाढीचा होता,
तक्रारीचे तर तीन रंगांत.
"देणगी देता येईल," मी म्हटलं, "तिकडे शाळेतच."
"देणगी?" तिनं चेक मागे ओढला.
"मी काय उपकार करतेय?
माझ्या वाटचं आहे, ते भरायचंय."
मागे रांग होती. कुणीतरी खोकलं.
ती गेली.

मार्चमध्ये जिममध्ये लिलाव झाला.
बोली पुकारायला वासरांच्या बाजारातला ड्वेन प्लूगे,
तोच सूर, तोच वेग,
जणू क्लॅरिनेट उभी राहून चरणार आहेत.
ओमाहाचा एक दुकानदार सगळं उचलत होता.
ट्यूबा निघाला तेव्हा तो फोनवर होता.
पोचा आलेला जुना ट्यूबा;
तो पोचा एमिल हुस्काचा,
बर्फावरून घसरला तेव्हा पडलेला.
एमिल आता फिनिक्सला असतो, फोन करतो नाताळात.

व्हर्नानं हात वर केला. साडेचार बोटं.
दुसरं कुणी बोललं नाही.
ड्वेनसुद्धा क्षणभर थांबला,
त्याला मी कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

यंदाही बिलं गेली. व्हर्ना आली,
फटीतून चेक सरकवला.
"शुक्रवारी ऐकू येतं का इथं?"
"येतं."
"कोठारावरची पोरं येतात. पाळीपाळीनं फुंकतात."
"कळतं."
"गाय अडल्यासारखं वाजतं ना?"
"हो," मी म्हटलं.

ती समाधानानं हसली,
हसून झाल्यावर म्हणाली, "पुरत नाही गं हे."
मी शिक्का उचलला होता.
शाई सुकत आलेली, दोनदा दाबावा लागला.
"पावती नीट घडी घालून दे," ती म्हणाली,
"मला एका हातानं जमत नाही."
दुसऱ्या हातात तिनं
ट्यूबाचं मुखपत्र धरलं होतं,
घासायला न्यायचं म्हणून,
रुमालात गुंडाळलेलं.